थोडक्या खर्चांत डोंगरी सायकल



कात्रपमध्यें ज्या इमारतींत मी राहतों, तिच्या जिन्याखालीं आज चौदा सायकली उभ्या आहेत. सकाळीं दूध आणावयास निघालों कीं त्यांच्या हँडलांतून अंग चोरून वाट काढावी लागते, म्हणून ही संख्या मला पाठ आहे. त्यांपैकीं नऊ सायकली डोंगरी जातीच्या. म्हणजे जाड टायरांच्या, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा असलेल्या आणि पुढें तीन व मागें सात चकत्या मिरविणाऱ्या आहेत. आमच्या गांवाला डोंगर शोधीत जाण्याचें कारण नाहीं. गच्चीवर उभें राहिलें कीं मलंगगड, टावली, चंदेरी आणि पुढें माथेरान अशी रांग डोळ्यांसमोर असते. असें असून त्या नऊंपैकीं सात सायकलींच्या चाकांना डोंगराची माती म्हणून कधीं लागलेली नाहीं. मालकांस विचारावें तर उत्तर ठरलेलें : "चढावर ओढत नाहीं हो."

मी सदतीस वर्षें अंबरनाथच्या एका कारखान्यांत फिटर होतों. यंत्र ओढत नाहीं असें कोणी म्हटलें कीं आमचे वस्ताद प्रथम तें चालविणाऱ्याकडे पाहत, मग तेलाकडे पाहत आणि सर्वांत शेवटीं यंत्राकडे पाहत. सायकलीच्या बाबतींत लोक प्रथम दुकानाकडे पाहतात. गेल्या मार्गशीर्षांत माझा धाकटा भाचा असाच दुकानाकडे पाहत माझ्याकडे आला, आणि आज जें मी सांगणार आहें तें बहुतेक त्याच्या सायकलीविषयींच आहे.

हा मुलगा एकोणीस वर्षांचा. माणकिवलीच्या औद्योगिक वसाहतींत शिकाऊ कामगार आहे. रोज कात्रपहून सायकलनें कामावर जातो. अकरा महिने चहाचे व वडापावाचे पैसे वांचवून त्यानें अकरा हजार रुपये सांठविले होते. त्याच्या मित्रांचा बेत असा कीं फेब्रुवारींत एका रविवारीं पहाटे निघून वांगणीवरून नेरळ गांठावयाचें, आणि तेथून माथेरानचा घाट दस्तुरी नाक्यापर्यंत सायकलींवर बसूनच चढावयाचा. आदल्या वर्षीं हा तिसऱ्या वळणावर खालीं उतरला होता व उरलेला घाट त्यानें सायकल ढकलीत काढला होता. नंतर दोन दिवस तो गुडघे धरून बसला होता, हें त्याच्या आईनें मला सांगितलें. त्यानें सांगितलें नाहीं.

त्याच्या फोनमध्यें एक यादी होती. पुढें एकच चकती. मागें बारा चकत्या, त्यांतली सर्वांत मोठी एकावन्न दांत्यांची. त्याला जुळणारा डिरेलर, शिफ्टर, चेन, क्रँक. आणि हें सर्व जुन्या चाकावर बसत नाहीं म्हणून नवें मागचें चाक. बेरीज अकरा हजारांच्या पुष्कळ वर जात होती. सायकल मुळांत घेतली होती नऊ हजारांना.

"मामा, एकदां एवढें केलें कीं पुन्हां बघायला नको," तो म्हणाला.

माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. तो खालीं गेल्यावर ती म्हणाली, "दादा, जूनमध्यें त्याच्या डिप्लोमाची फी भरायची आहे. तेहि यांतूनच जायचे आहेत. मी सांगितलें तर भांडण होतें. तूं सांगितलेंस तर ऐकेल."

मीं त्याला एकदम नको म्हटलें नाहीं. कारण सात-आठ वर्षांपूर्वीं हीच चूक मीं केली होती, आणि त्या वेळीं मी चांगला चोपन्न वर्षांचा, हातांत कारखान्याचें शिक्षण असलेला गृहस्थ होतों. मुंबईच्या एका दुकानांत नऊ चकत्यांची एक चकचकीत कॅसेट मीं पाहिली. तिच्या मोठ्या चकतीवर बोट फिरविलें, मोह आवरला नाहीं, पिशवींत घालून लोकलनें बदलापूरला आणली. घरीं येऊन चाक काढलें आणि पाहतों तों ती बसावयाची कशी, हाच प्रश्न. दुकानदार परत घेईना. ती कॅसेट आजहि माझ्या टेबलावर विजेच्या बिलांवर वजन म्हणून बसलेली असते. भाच्याला मीं प्रथम तीच दाखविली.

ती कां बसली नाहीं हें जरा विस्तारानें सांगतों, कारण थोडक्या खर्चांत सायकल सुधारणाऱ्याचे सर्वांत जास्त पैसे येथेंच बुडतात. मागच्या चाकाच्या हबवर चकत्या बसविण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतींत हबवर आटे पाडलेले असतात आणि चकत्यांचा सगळा गठ्ठा, आंतल्या खटक्यांसकट, त्या आट्यांवर बाटलीच्या झांकणासारखा फिरवून बसविलेला असतो. यालाच फ्रीव्हील म्हणतात. नव्या रीतींत खटके हबच्या अंगांतच असतात, त्याला फ्रीहब म्हणतात. त्यावर उभ्या खांचा असतात, चकत्या त्या खांचांत सरकवून वरून एक कडें आवळतात. या सुट्या चकत्यांच्या जुडग्याला कॅसेट म्हणतात. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस शिमानो या जपानी कंपनीनें ही रीत बाजारांत रूढ केली. आपल्याकडे स्वस्त डोंगरी सायकलींवर बहुधा फ्रीव्हीलच असतें. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट बसत नाहीं आणि फ्रीहबवर फ्रीव्हील बसत नाहीं. कितीहि ठोका, बसत नाहीं.

ओळखण्यास दुकानांत जावें लागत नाहीं. चकत्यांच्या मध्यभागीं हत्यार बसण्यासाठीं जो खांचांचा गोल असतो त्याकडे पाहत चाक स्थिर धरावें व चकत्या उलट्या फिरवाव्या. मधला गोल चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. तो जागच्या जागीं राहिला तर फ्रीव्हील. आमच्या जिन्याखालच्या नऊ सायकलींत मीं हा प्रयोग केला. आठ फ्रीव्हीलें निघालीं. भाच्याची त्यांतलीच.

आतां प्रश्न असा कीं घाट चढण्यासाठीं त्या मुलाला नेमकें काय हवें होतें. बारा चकत्या हव्या होत्या काय? मीं त्याला गच्चीवर नेलें आणि माथेरानच्या बाजूला बोट दाखवून विचारलें, "आगगाडी वर कशी जाते?" नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ सालीं सुरू झाली. आदमजी पीरभाय यांचा पैसा आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांवर ती उभी राहिली. तिचा मार्ग सुमारें २१ किलोमीटरांचा आहे, आणि सडक त्याच्या निम्म्याहूनहि कमी लांबीची आहे. दोन्ही त्याच डोंगरावर जातात. गाडीनें चढ कमी केला नाहीं, तिनें वाट लांब केली. वळसे घेत घेत चढ विसांत एक यापलीकडे जाऊं दिला नाहीं. सडकेला मात्र तो सगळा चढ थोड्या लांबींत उरकावा लागतो. सायकलस्वार सडकेनेंच जाणार, मग त्यानें वळसे घ्यावेत ते कोठें? ते चकत्यांत. पायडलाच्या एका फेरींत सायकल जितकी कमी पुढें जाईल, तितका पायावरचा जोर कमी. फेऱ्या वाढतात, जोर घटतो.

हें आंकड्यांनीं पाहावें. भाच्याच्या सायकलीस पुढें ४२, ३४ व २४ दांत्यांच्या तीन चकत्या आणि मागें १४ पासून २८ पर्यंत सात. चढावर तो पुढें २४ व मागें २८ लावणार. २४ ला २८ नें भागलें कीं ०·८६ येतात; म्हणजे पायडलाच्या एका फेरींत चाक पुरतें एक फेरीहि फिरत नाहीं. सव्वीस इंची चाकाचा घेर टायरसकट दोन मीटरांहून थोडा अधिक धरला, तर एका फेरीस सायकल सुमारें पावणेदोन मीटर जाते. आतां मागची मोठी चकती २८ ऐवजीं ३४ ची केली तर हा आंकडा ०·७१ होतो, आणि एका फेरीस सायकल दीड मीटराच्याहि किंचित् आंत राहते. किलोमीटरला सुमारें १२० फेऱ्या अधिक माराव्या लागतात. पण प्रत्येक फेरीचा जोर सतरा-अठरा टक्क्यांनीं उतरतो. ज्याचा गुडघा दुखतो त्याला या अठरा टक्क्यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

मग मीं त्याच्या यादीकडे वळलों. बारा चकत्यांचा संच त्याच्या पैशांत बसत नव्हताच. तेव्हां तो दुसऱ्या पायरीवर उतरून म्हणत होता कीं पुढें ३२ ची एकच चकती घेतों आणि मागें ४२ पर्यंतच्या नऊ. मीं म्हटलें, भागाकार कर. ३२ ला ४२ नें भागलें, ०·७६ आले. त्यानें पुन्हां भागले. पुन्हां तेच आले. आठ-नऊ हजार खर्चून जें मिळावयाचें होतें तें चढावर त्या हजाराच्या फ्रीव्हीलहून जड होतें! तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मला वाटतें, तेथेंच तो अर्धा वळला.

नव्या रीतीची निंदा करण्याचा मात्र माझा हेतु नाहीं. पुढें एकच चकती ठेवण्याची ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आणली ती स्रॅम या अमेरिकन कंपनीनें २०१२ सालीं. मागें अकरा चकत्या, १० पासून ४२ पर्यंत; आणि पुढच्या एकट्या चकतीचे दांते एक जाड, एक पातळ असे पाळीपाळीनें, म्हणजे चेन आदळआपटींत उडूं नये. खरोखर शहाणी कल्पना आहे. डावीकडचा शिफ्टर जातो, पुढचा डिरेलर जातो, खडकाळ वाटेवर बुद्धीला एक काम कमी राहतें. ज्यांच्या सायकलीला आधींच फ्रीहब आहे त्यांनीं पुढें ३० व मागें ४६ पर्यंत नऊ किंवा दहा चकत्या असा संच केला तर पैसे वाया गेले असें मी म्हणणार नाहीं; तेथें भागाकार ०·६५ येतो. पण फ्रीव्हीलच्या चाकावर जुन्या तीन चकत्यांतली ती चोवीसची लहानशी चकती फेकून देणें म्हणजे घरांतलें चालतें जातें मोडून नवें घडविण्याची मजुरी देणें आहे.

येथें एक गोष्ट आठवते. ही डोंगरी सायकल जन्मास आली तीच मुळीं जुन्या भंगारांतून. कॅलिफोर्नियांत माउंट टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील कांहीं तरुण १९३० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरांच्या श्विन सायकली अल्प किंमतींत उचलून त्यांवरून उताराच्या शर्यती लावीत. मागच्या हबमधला ब्रेक एका उतरणींत इतका तापे कीं त्यांतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे, म्हणून त्या वाटेला नांवच 'रीपॅक' पडलें. तेथील पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. पण डोंगर उतरणाऱ्याला आधीं चढावा लागतो! तेव्हां गॅरी फिशर व त्याच्या सोबत्यांनीं इतर सायकलींचे गिअर काढून या अवजड सांगाड्यांवर चढविले. जो ब्रीझ यानें मुद्दाम अशा कामासाठीं नवा सांगाडा घडविला तो १९७७ सालीं. हें मीं भाच्याला सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडेहि पैसे नव्हते." मीं म्हटलें, पैसे नव्हते, पण जें होतें तें त्यांनीं उघडून पाहिलें होतें.

तर आम्हीं त्याची सायकल उघडली.

प्रथम चेन मोजली. सायकलच्या चेनचा एक पिन ते दुसरा पिन हें अंतर अर्ध्या इंचाचें असतें. नव्या चेनमध्यें चोवीस अंतरें मोजलीं कीं नेमके बारा इंच भरतात. पोलादी फूटपट्टीचा शून्य एका पिनाच्या मध्यावर ठेवावा व बारा इंचांपाशीं काय दिसतें तें पाहावें. पिन इंचाच्या सोळाव्या हिश्शानें पुढें सरकला असेल तर चेन तेवढी बदलावी. चकत्या अजून वांचलेल्या असतात. आठव्या हिश्शानें पुढें गेला असेल तर चेनबरोबर चकत्याहि गेल्या असें समजावें. चेन ताणली जाते असें आपण म्हणतों. वस्तुतः पोलाद लांबत नाहीं, प्रत्येक पिन आपल्या भोंवतालीं थोडा थोडा झिजतो, आणि शंभरांवर पिनांची ती झीज एकत्र होऊन चेन लांब दिसते. आमच्याकडे चार महिने पाऊस, वरून रस्त्याच्या कामांची बारीक खडी. तो चिखल तेलांत मिसळला कीं कानसीचें काम करतो.

भाच्याची चेन आठव्या हिश्शाच्याहि पुढें गेलेली होती. मागच्या चकत्यांचे दांते एका बाजूला कलून वाघनखासारखे झाले होते.

या बाबतींत दुसरी चूक सांगितली पाहिजे, तीहि माझीच. त्या कॅसेटच्या प्रकरणानंतर मीं शहाणपणा करून फक्त नवी चेन घातली. फ्रीव्हील जुनेंच ठेवलें, कां तर तेवढेच हजार रुपये वांचले. सपाटीवर कांहीं कळलें नाहीं. बारवी धरणाच्या रस्त्यावर एका चढावर मी पायडलांवर उभा राहिलों, सगळा भार घातला, आणि नवी चेन जुन्या झिजल्या दांत्यांवरून सटकली. पाय एकदम रिकाम्यांत गेला. गुडघा हँडलवर, हनुवटी रस्त्यावर. हनुवटीला तीन टांके पडले. पत्नीनें त्या दिवसापासून माझ्या सायकलीला नांव ठेवलें आहे, तें नभोवाणीवर सांगण्यासारखें नाहीं. लांबलेली चेन आणि झिजलेले दांते हे एकमेकांना धरून झिजतात व एकमेकांना सांभाळून घेतात. त्यांतला एक बदलला कीं दुसरा उघडा पडतो.

मग ज्या भागाला डिरेलर लटकतो तो कान पाहिला. सायकल उजव्या अंगावर पडली कीं तो आंत वांकतो, आणि मग किती शिफ्टर बदला, गिअर बरोबर लागत नाहीं. तो वांकलेलाच होता. सायकल मागून पाहिली कीं चकत्या उभ्या आणि डिरेलर तिरपा असें दिसत होतें. त्याच्या सायकलीचा कान पोलादी, म्हणून हळूहळू सरळ करतां आला. ॲल्युमिनियमचा असता तर मोडण्याची भीति होती, तो नवाच घ्यावा लागला असता. केबल गंजून आउटरमध्यें अडकत होती. गिअर 'खराब' म्हणून जे लोक दुकानांत येतात, त्यांतल्या पुष्कळांचें दुखणें एवढेंच असतें असा माझा अनुभव आहे. १९८४ साली शिमानोनें शिफ्टरला खटके दिले, एक खटका म्हणजे एक चकती. तेव्हांपासून हाताचा अंदाज सुटला आणि सगळा भरंवसा केबलच्या हालचालीवर आला. ती एका मिलिमीटरानें अडली कीं बिचारा डिरेलर दोन चकत्यांमध्यें लोंबकळत राहतो. मात्र आउटर गिअरचेंच घ्यावें. ब्रेकचें आउटर आंत गुंडाळलेल्या तारेचें असतें, तें दाबलें जातें आणि खटका चुकतो.

फ्रीव्हील काढणें हा एका सकाळचा कार्यक्रम झाला. पायडल मारतांना तें स्वतःलाच आवळीत जातें, त्यामुळें दोन वर्षें चाललेलें फ्रीव्हील हातानें सुटेल ही आशा करूं नये. हत्यार खांचांत बसवून वरून एक्सलचा नट सैलसर लावून ठेवावा, म्हणजे तें सटकत नाहीं. मग हत्यार व्हाइसमध्यें घट्ट धरावें आणि वरचें आडवें चाक दोन्ही हातांनीं मोटारीच्या स्टिअरिंगप्रमाणें डावीकडे फिरवावें. भाच्यानें दोनदां जोर केला, कांहीं झालें नाहीं. तिसऱ्या वेळीं असा आवाज आला कीं वरच्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरींत आल्या. नवें बसवितांना आट्यांना ग्रीस लावावें. पुढच्या वेळीं काढणारा आपणांस दुवा देईल.

जुना डिरेलर २८ दांत्यांपलीकडे जाणारा नव्हता. येथें आणखी एक हिशेब करावा लागतो. पुढच्या मोठ्या व लहान चकतींतला फरक, ४२ वजा २४, म्हणजे १८. मागचा फरक, ३४ वजा १४, म्हणजे २०. दोन्ही मिळून ३८. इतक्या दांत्यांची ढील खेंचून धरील असा लांब पायाचा डिरेलर हवा, आणि त्याच्या कागदावर ३४ ची चकती चालते असें लिहिलेलें हवें. असा साधा डिरेलर महाग नसतो. चेनहि जुन्या मापाची घेऊन चालत नाहीं. पुढची मोठी व मागची मोठी या दोन चकत्यांवरून, डिरेलरमधून न नेतां, चेन वळवून पाहावी आणि वर एक इंच, म्हणजे दोन कड्या अधिक ठेवून तोडावी. आंखूड चेन घालून कोणी चुकून दोन्ही मोठ्या चकत्या लावल्या तर डिरेलर मुळासकट उपटला जातो. सहा, सात व आठ चकत्यांना एकच रुंदीची चेन चालते, त्यामुळें दुकानांत ती सहज मिळते; नवाच्या पुढें चेन अरुंद व महाग होत जाते.

शेवटीं क्रँक हातानें हलवून पाहिली, ती डगडगत होती. बी. बी. च्या सुट्या गोळ्यांत गेल्या पावसाळ्याचें पाणी शिरून लाल चिखल झाला होता. त्याऐवजीं बंद नळीची बी. बी. बसविली. क्रँक, शिफ्टर, चाक, पुढचा डिरेलर, हे सर्व जुनेच ठेवले.

खर्च सांगतों. भाव दुकानागणिक व महिन्यागणिक बदलतात, म्हणून हा केवळ आम्हांला पडलेला खर्च समजावा. फ्रीव्हील ११००, चेन ६००, डिरेलर ११५०, केबली व आउटर २५०, बी. बी. ६५०, आणि फ्रीव्हील काढण्याचें हत्यार २००. एकूण ३९५०. त्यांत मीं हट्टानें ४०० रुपयांचे ब्रेकचे गुटके घालावयास लाविले. हे त्याच्या यादींत नव्हते. नेरळचा घाट चढणाऱ्याला तोच घाट उतरावयाचा असतो, आणि त्या वळणांवर जीपगाड्या कशा येतात हें ज्यानें पाहिलें आहे तो माझ्याशीं वाद घालणार नाहीं. भाच्यानें मात्र घातला, पण गुटके घेतले.

सर्व जोडून झाल्यावर नुसतें चालवून पाहणें पुरत नाहीं. डिरेलरवर दोन लहान स्क्रू असतात. त्यांतला एक चेनला मोठ्या चकतीपलीकडे तारांत जाऊं देत नाहीं. तो न लावतां कोणी चढावर निघाला तर चेन तारा कापीत आंत शिरते आणि मग खर्चाचा सगळा हिशेब पुन्हां मांडावा लागतो. तिसरा स्क्रू डिरेलरच्या वरच्या चाकाला मोठ्या चकतीपासून दूर ठेवतो. २८ वरून ३४ वर गेल्यावर तो थोडा आंत फिरवावा लागतोच. नव्या केबली पहिल्या आठवड्यांत बसतात व सैल होतात, त्या पुन्हां ताणाव्या.

आमच्या इमारतींत एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. हा सगळा कारखाना चाललेला पाहून ते म्हणाले कीं आमच्या वेळीं गिअर नव्हते आणि तरी आम्ही कल्याणपर्यंत जात होतों. त्यांच्या मताला थोर पाठिंबा आहे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय वाटे, आणि त्या शर्यतींत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ सालीं. तोंपर्यंत ते वीर डोंगराच्या पायथ्याशीं खालीं उतरत, मागचें चाक काढून उलटें बसवीत, कां तर त्याच्या दुसऱ्या अंगाला मोठी चकती असे. आणि माथ्यावर पुन्हां तोच उद्योग. मी एकसष्ट वर्षांचा आहें. देग्रांजसाहेबांच्या हिशेबानें मला गिअरचा परवाना केव्हांच मिळालेला आहे.

एक गोष्ट मीं भाच्यापासून लपविली नाहीं. पुढें २४ व मागें ३४ लावून मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर सायकल ताशीं पांच किलोमीटरांच्या थोडी वर जाते. भरभर चालणारा माणूस तितकाच जातो. याहून हलका गिअर घेऊन चढतां येईल, पण मग सायकल तोलणें हेंच काम होऊन बसतें. "म्हणजे चालणाऱ्यांबरोबरच पोंचणार?" त्यानें विचारलें. होय, बरोबरच, पण बसून.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारीं ती मंडळी पहाटे साडेचारला निघालीं. मीहि निघालों, बहिणीला सांगितलें कीं फक्त नेरळपर्यंत जातों. वांगणीपर्यंत अंधार होता. नेरळला चहा घेतला, आणि पोरें घाटाला लागल्यावर मीहि त्यांच्या मागें हळूहळू गेलों. माझ्या सायकलीलाहि तेंच चौतीसचें फ्रीव्हील आतां आहे. ज्या तिसऱ्या वळणावर तो आदल्या वर्षीं उतरला होता तेथें त्यानें मागें वळून पाहिलें नाहीं, हें मीं खालच्या वळणावरून पाहिलें. पाय एका चालीनें फिरत होते, पुष्कळ वेगानें आणि पुष्कळ सावकाश. जुम्मापट्टीपाशीं माझा दम संपला. मी कठड्यावर बसलों, घोटभर पाणी प्यालों आणि रुळांकडे पाहत राहिलों.

पाऊण तासानें फोन आला. दस्तुरीवर पोंचला होता. एकदां पाय टेकला, तो एक जीप मागें येत होती तिला वाट द्यावयाला. तें धरावयाचें कीं नाहीं यावर त्यांच्यांत अजून वाद आहे. गुडघ्याविषयीं मीं विचारलें. "गुडघा ठीक आहे, मामा. छाती फुटली."

जूनमध्यें त्याची फी भरली गेली. बाकीचे पैसे त्याच्याकडेच आहेत व तो पुन्हां फोनमध्यें कांहींतरी पाहत असतो, हें मला दिसतें. फ्रीव्हील काढण्याचें हत्यार मीं जिन्याखालीं खिळ्याला टांगून ठेवलें आहे. आतांपर्यंत तीन सायकली उघडून झाल्या, आणि येत्या रविवारीं दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंच्या मुलाची पाळी आहे. त्याचें फ्रीव्हील फारच गंजलेलें दिसतें. वरच्या वहिनींना मीं आवाजाची आगाऊ सूचना देऊन ठेवली आहे.